मोजायचं त्यांनी

लोकांना माझं वजन उतरलेलं फार आवडलं. ऑफिसात, सोसायटीत, भाजीबाजारात, जाईन तिथे तेच. "अगं बाई, ओळखलंच नाही! करतेस तरी काय?" एकशे चार किलोची बाई शहात्तरवर आली म्हटल्यावर कौतुक होणारच. वीस वर्षं माझ्या पाठीमागे मला 'टेम्पो' म्हणणाऱ्या बायकाच आता जिन्यात थांबवून डाएट विचारायच्या. मी कोमट पाणी, लिंबू असं काहीबाही सांगून सुटका करून घ्यायचे. खरं कारण सांगितलं नाही. नवसाची गोष्ट चारचौघांत बोलायची नसते, असं माझी आई म्हणायची.

खरं कारण असं की दोन वर्षांपूर्वी ऐन दिवाळीच्या आठवड्यात ह्यांना अर्धांगवायूचा झटका आला. हे सातपूरला एका कारखान्यात टर्नर होते. निवृत्तीला वर्ष राहिलं होतं. भरलेला गॅस सिलिंडर एका हातानं तिसऱ्या मजल्यावर आणणारा माणूस, आणि एका सकाळी हातातला चहाचा कप त्यांना धरता येईना. डावी बाजू गेली. बोलणं राहिलं, पण एकेक शब्द शोधून आणल्यासारखं. दवाखान्यातून घरी आणलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी गंगेवर गेले. आम्ही नाशिकची माणसं गोदावरीला गंगाच म्हणतो. तिथे महादेवासमोर उभी राहून बोलले, "हे स्वतःच्या पायांनी चालायला लागेपर्यंत मी उपास सोडणार नाही." सोमवार महादेवाचा, गुरुवार दत्ताचा आणि चतुर्थी गणपतीची. कोणाचा रुसवा नको म्हणून तिघांना वाटून दिले. आणि उपास म्हणजे साबुदाण्याची खिचडी हाणायचा उपास नव्हे. दिवसभरात एक कप चहा आणि एक केळं.

त्यात माझ्या गुडघ्यांचे डॉक्टर म्हणाले, "वजन उतरवा, नाहीतर ऑपरेशनला तयार राहा." त्यांनी पथ्याचा कागद दिला. भात बंद, साखर बंद, रात्री अर्धी भाकरी. म्हणजे उपासाचे दिवस उपासात आणि उरलेले दिवस पथ्यात. काटा भराभर खाली यायला लागला. प्रत्येक किलोला मला वाटायचं, देव ऐकतोय. आज लिहिताना स्वतःचाच राग येतो, पण तेव्हा खरंच असं वाटायचं.

हे बाथरूममध्ये पडले तो दिवस मंगळवार. आदल्या दिवशीचा सोमवार पोटात तसाच होता. दिवसभर ह्यांच्याजवळ थांबायला एक मावशी येतात, पण त्या नऊला येतात आणि सहाला जातात. त्याआधीचं आणि त्यानंतरचं सगळं माझ्याकडे. सकाळी सहाच्या सुमारास मी ह्यांना कमोडवरून उठवत होते. काखेत हात घातले आणि रोजच्यासारखी मागे रेलले. एकशे चार किलोची होते तेव्हा मी नुसती रेलायचे आणि माझ्या भारानंच हे उभे राहायचे. गेले काही दिवस जड जात होतंच, पण मी काणाडोळा करत होते. त्या दिवशी मी रेलले आणि काही झालंच नाही. हात लटलट कापायला लागले, गुडघे दुमडले आणि आम्ही दोघंही खाली आलो. ह्यांचं डोकं बादलीवर आपटलं.

"अहो, धरायचं नाही का नीट!" मी ओरडले. पडलेल्या माणसावर ओरडले मी. माझा स्वभाव तापट आहे, ऑफिसात मला सगळे वचकून असतात, त्याची मला मनातून थोडी घमेंडही आहे. पण ते वाक्य आठवलं की अजून स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

अर्धा तास मी नाना प्रकार केले. काखेतून ओढलं, कमरेला साडी बांधून ओढलं, पाठीला पाठ लावून पाहिली. हे फरशीवरून वीतभरसुद्धा वर आले नाहीत. शेवटी समोरच्या फ्लॅटमधले गृहस्थ आणि खालचा वॉचमन, दोघांना बोलावलं. ह्यांच्या अंगात फक्त बनियन होतं. मी टॉवेल टाकला, पण तो धड बसेना. एकानं खांदे धरले, एकानं पाय धरले. "एक... दोन... तीन... हां, घ्या!" आणि घर बदलताना कपाट काढतात तसं ह्यांना बाहेर काढलं. त्या दोघांचं काही चुकलं नाही, देवासारखे धावून आले बिचारे. पण दर दसऱ्याला ज्या वॉचमनला हे स्वतः खाली जाऊन सोनं द्यायचे, त्याच्या हातात असं उघडं जावं लागलं ह्यांना. हे डोळे घट्ट मिटून होते. दोघं निघून गेल्यावरही बराच वेळ उघडले नाहीत.

त्यानंतर तीनेक आठवड्यांनी ह्यांना थंडी वाजून ताप आला. डॉक्टरांनी लघवी तपासली आणि विचारलं, "पाणी किती पितात?" मी म्हणाले, "मावशी देतात की वेळेवर." घरी आल्यावर मावशी माझी नजर चुकवायला लागल्या. स्वयंपाकघरात नेऊन विचारलं तेव्हा म्हणाल्या, "ताई, दादा पाणी पीतच नाहीत. मोरीत ओतायला सांगतात. गोळ्यांपुरता घोट घेतात फक्त. तुम्हाला सांगू नका म्हणाले, शपथ घातली."

ह्यांच्या पलंगाशेजारी स्टुलावर पाण्याचा तांब्या-भांडं असतं. तो तांब्या रोज संध्याकाळी रिकामा पाहून मी समाधानी असायचे. मी तरातरा आत गेले. "हा काय चावटपणा लावलाय? पाणी का पीत नाही?" ह्यांनी ओठ चाटले. ओठांना भेगा पडलेल्या, आणि त्या मला आधी दिसल्या नव्हत्या. मी पुन्हा विचारलं, या वेळी जरा खालच्या आवाजात.

"प्यालं... की जावं लागतं," हे म्हणाले. "तुला... झेपत नाही. त्या दोघांना परत... बोलवायचं नाही."

डायपरचं नाव काढलं तर तोंड भिंतीकडे केलं. मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभी राहिले. रडू आलं नाही, राग आला, आणि कोणाचा राग ते कळेना. माझा नवरा मला त्रास नको म्हणून तहानलेला पडून होता. जगात काय काय ऐकलं होतं, हे नव्हतं ऐकलं.

आमच्या चौकात पिठाच्या गिरणीवर दोन खोल्यांची एक जिम आहे. गिरणी चालू असली की वरची जमीन थरथरते आणि तिथल्या लोखंडालाही पिठाचा वास येतो. संध्याकाळी सहा ते सात बायकांची वेळ. मावशींना हातापाया पडून मंगळवार, गुरुवार, शनिवार तासभर जास्त थांबायला तयार केलं आणि ऑफिस सुटल्यावर एका मंगळवारी जिना चढले. पंजाबी ड्रेस, खांद्यावर पिना लावलेली ओढणी, हातात डब्याची पिशवी. आतल्या पोरी माझ्याकडे बघायला लागल्या.

तिथली ट्रेनर पस्तिशीची, रुंद मनगटांची बाई. सगळ्या तिला ताई म्हणतात. माहेर सायखेड्याचं, लग्न होऊन नाशिक रोडला आली, आणि बोलणं मात्र अजून गावचंच. तिनं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"काकू, वजन तर लय उतरलेलं दिसतंय. दंडाची कातडी सांगती. मग आता कशापायी आल्या?"

"अडुसष्ट किलोचा माणूस उचलायचाय," मी म्हणाले.

ती हसली नाही. "कोण?"

"माझे मिस्टर."

तिनं एक स्टूल पुढे सरकवलं. "बसा. आता हात न टेकता उठा." चार वेळा उठले. पाचव्या वेळी मांडीवर हात गेला. मग तिनं दहा किलोची लोखंडी चकती माझ्या छातीशी दिली आणि म्हणाली, "आता ही घेऊन उठा." मी जोर लावला. पुन्हा लावला. अंगावरून अठ्ठावीस किलो उतरवून आलेली बाई दहा किलो घेऊन स्टुलावरून उठू शकली नाही. गिरणी तेवढी खाली घरघरत होती.

"खाता काय?" तिनं विचारलं. मी पथ्य सांगितलं, उपास सांगितले, नवस आहे म्हणूनही सांगितलं. खोटं कशाला बोलू, सांगताना मला अभिमानच वाटत होता.

"काकू, चरबीसंगं मांस पण गेलं तुमचं. अंगात जोर धरायला काय उरलंच नाय. हे उपास सोडा, मग शिकवते. नायतर नाय."

माझं टाळकंच सटकलं. "तू कोण गं मला उपास सोडायला सांगणारी? उठाबशा शिकवायच्या त्या शिकव, देवाधर्मात नाक खुपसू नकोस!" आणि तणतणत निघाले. तणतणत म्हणजे कठडा धरून, एकेक पायरी. त्या उतरण्याला काय रुबाब असणार.

शनिवारी मुकाट्यानं परत गेले, कारण शुक्रवारी संध्याकाळी तांब्या भरलेला होता. आता हे ओतायलाही सांगत नव्हते, नुसता ठेवून द्यायचे. "सोडले उपास," मी ट्रेनरला सांगितलं. डोळ्याची पापणी न लववता थाप मारली. तिनं क्षणभर पाहिलं आणि हातात एक काठी दिली. झाडूची असते तशी, साधी.

पहिले पंधरा दिवस नुसती काठी. ती जमिनीवर ठेवायची आणि उचलायची. पाठ ताठ, बसायची जागा मागे, गुडघे थोडे वाकवून. "वाकू नका, बसा. ओढू नका, पायानं जमीन ढकला." समोर भिंतभर आरसा. त्यात मी स्वतःकडे पाहायचं टाळायचे. लठ्ठ होते तेव्हा टाळायचे आणि आताही. दंडाखाली कातडी रिकाम्या पिशवीसारखी लोंबायची, पोटावर घड्या. वजन उतरलं म्हणजे आपण हलक्या होऊ असं मला वाटलं होतं. मी नुसती कमी झाले होते. शेजारच्या पोरी तीस-चाळीस किलो घेऊन गाणी ऐकत व्यायाम करायच्या, आणि मी दात-ओठ खात काठी उचलायचे. घरी आल्यावर जिना चढताना मांड्या रडायच्या. तरी जायचे. एखाद्या दिवशी कंटाळा आला तर आत जाऊन त्या तांब्यात डोकवायचे.

सहा आठवडे झाले, रॉडवर तीस किलो चढले, आणि एका गुरुवारी माझी थाप उघडी पडली. तिसऱ्यांदा रॉड वर घेतला आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. पुढचं मला आठवतं ते फरशीवर बसलेली मी, ट्रेनरचा हात माझ्या मानेखाली आणि तोंडात गुळाचं पाणी. रॉड हातातून सुटून घरंगळत गेला होता. शेजारच्या पोरीच्या पायापासून वीतभर अंतरावर थांबला म्हणून वाचलो. पोरगी पांढरीफटक पडली होती.

"आज गुरुवार हाय," ट्रेनर म्हणाली. "नाय का काकू?"

मी मान खाली घातली. वाटलं आता हाकलणार, आणि तो तिचा हक्कच होता. पण ती माझ्याशेजारी फतकल मारून बसली. "माझा बाप कांद्याच्या मार्केटात हमाल होता. पन्नास-पन्नास किलोची पोती, सकाळपासून. पण भाकर खाल्ल्याबिगर पाठीला पोतं लावून घ्यायचा नाय. एकादशी असू द्या नायतर शिवरात्र. व्यापारी बोंबलायचा, गाडी थांबलीया म्हणून. बाप म्हणायचा, उपाशी हमाल सोता पडत नाय, पोत्याखाली दुसऱ्याला घेतो. तुम्ही आज त्या पोरीला घेतलं असतं. उद्या दादांना घ्याल."

ऑफिसात माझ्यापुढे कोणाचं काही चालत नाही, आणि या बाईपुढे माझी बोलतीच बंद.

ती मला स्कूटरवर घालून घरी सोडायला आली आणि जिना चढून वरही आली. ह्यांना हात जोडून म्हणाली, "दादा, काकूंना समजावा. तुमच्या नवसापायी उपाशी राहत्यात, आन ताकद कमवायला येत्यात. दोन्ही एकदम व्हायचं नाय." ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. आजवर हे समजत होते की सगळं त्या गुडघ्याच्या डॉक्टरांचं पथ्य आहे. ट्रेनरच्या लक्षात आलं, आपण नको ते बोललो. "येते मी," म्हणाली आणि मावशींना बरोबर घेऊन खाली गेली.

"कसला... नवस?" ह्यांनी विचारलं.

सांगावं लागलं. चालायला लागेपर्यंत, असं सांगितलं. बाहेर दिवेलागण झाली होती.

"मी चालणार नाही," हे म्हणाले.

"तिन्हीसांजेला असलं अभद्र बोलू नका. वास्तू तथास्तु म्हणते."

"डॉक्टरांनी... सांगितलंय मला. तू औषधं आणायला... गेली होतीस. उभा राहीन. धरून... दोन पावलं. बस." मग दम घेतला. "सहा महिने झाले. तुला... कसं सांगू."

मी पलंगाच्या कडेवर बसले. सहा महिने हा माणूस एकट्यानं हे पोटात घेऊन पडला होता, आणि मी दर सोमवारी ह्यांच्यादेखत देवापुढे दिवा लावून मनात म्हणत होते, आता लवकरच, आता लवकरच.

"मग तू... जन्मभर उपाशी?" हे म्हणाले.

तेव्हा मात्र मला रडू फुटलं. चांगलं हमसून रडले. चालणार नाहीत म्हणून रडले, आणि आम्हा दोघांच्या मूर्खपणासाठी रडले. ह्यांच्यासाठी मी जेवत नव्हते, माझ्यासाठी हे पाणी पीत नव्हते, आणि त्यानं दोघांचंही कणभर भलं झालं नव्हतं. ह्यांनी चांगला हात माझ्या गुडघ्यावर ठेवला. तो हात अजून लेथवरच्या कामाचाच होता, खरखरीत.

"तू जेव," हे म्हणाले. "मी पाणी... पितो."

पुढच्या सोमवारी ऑफिसला जाण्याआधी गंगेवर गेले. उद्यापन करतात ते नवस पुरा झाल्यावर, माझा तर मोडायचा होता. मोडायचा विधी मला ठाऊक नव्हता आणि गुरुजींना विचारायची लाज वाटली. महादेवासमोर उभी राहून सरळ बोलले, "मी नवस मोडतेय. रागवायचं तर माझ्यावर रागव. त्या माणसानं तुझं काही घोडं मारलेलं नाही." शेजारच्या बाईनं चमकून पाहिलं. पाहू दे.

संध्याकाळी ह्यांच्यासमोर ताट घेऊन बसले. बाजरीची भाकरी, मटकीची उसळ, वाटीभर दही. ट्रेनरनं अंडी सांगितली होती, पण सोमवारी अंडं? जीव गेला तरी नाही, बाकीचे दिवस खाईन. पहिला घास मोडून हातात धरला. पंधरा-सोळा महिन्यांत सोमवारी भाकरी तोंडात गेली नव्हती, वाटलं आत्ता काहीतरी वाईट घडेल. काही घडलं नाही. हे माझ्याकडे टक लावून पाहत होते. मी ताट पुसून शेवटचा घास खाल्ला, तेव्हा हात पुढे करून ह्यांनी भांडं मागितलं आणि अर्धं प्याले. अर्धंच. उरलेलं अर्धं स्टुलावर ठेवलं. शब्द ह्यांनी पाळला होता, भरवसा मात्र अजून बसला नव्हता. तो मी कमवायचा होता.

मग ट्रेनर रविवारी सकाळी आमच्या घरी यायला लागली. मी बोलावलं नव्हतं, तीच आली. ह्यांच्या कमरेला बांधायला जाड कापडाचा रुंद पट्टा शिवून आणला होता, त्याला दोन्हीकडे मुठी. आंघोळीचं बुटकं स्टूल बाथरूममधून आणलं, खुर्ची आणली. ह्यांना सावकाश जमिनीवर बसवलं आणि म्हणाली, "एका दमात नाय उचलायचं. जमिनीवरून स्टुलावर. थांबायचं. स्टुलावरून खुर्चीवर. दादा, उजवा पाय पोटाशी घ्या, उजवा हात स्टुलावर. काकू, तुम्ही काठी उचलायला बसत होत्या तशा बसा. पट्टा धरा, दंड धरू नका."

मी पट्टा धरला. "एक..." म्हणाले.

"थांबा," ती म्हणाली. "तुम्ही नाय मोजायचं. मोजायचं त्यांनी."

"का?"

"पोतं घाबरत नाय काकू, माणूस घाबरतो. घाबरला की अंग टाकतो, मग दुप्पट जड होतो. ज्याला उचलायचंय त्यानंच मोजायचं. तो म्हणेल तवाच उचलायचं."

मला त्या सकाळचं 'एक, दोन, तीन, हां घ्या' आठवलं, आणि घट्ट मिटलेले डोळे. ह्यांनाही आठवलं असणार, कारण हे तिच्याकडे पाहतच राहिले.

सोपं नव्हतं. हे 'एक' म्हणायचे आणि मग थांबायचे ते थांबायचेच. माझ्या मांड्या पेटलेल्या, पाठीतून घाम, आणि ह्यांचं 'दोन' काही येईना. "अहो, आटपा ना!" माझ्या तोंडून निघायचंच. ट्रेनर म्हणायची, "काकू, तुम्ही गप." आयुष्यात मला इतक्या वेळा गप कोणी केलं नसेल. रॉड उचलण्यापेक्षा ते थांबणं मला अवघड गेलं.

पाच महिन्यांत रॉडवर पन्नास किलो आले. काट्यावर माझं वजन तीन किलोनं वाढलं. ऑफिसातली एक जण कळवळ्यानं म्हणाली, "पुन्हा सुटायला लागलीस का गं?" मी म्हणाले, "हो, आणि तुला उचलून आपटू शकते." तिनं परत विचारलं नाही. ट्रेनरला मात्र मी सारखी विचारायचे, "अडुसष्ट कधी?" ती म्हणायची, "अडुसष्ट लागायचे नाय. बाकीचं दादा उचलतील सोताचं."

ह्यांचं पाणी वाढलं, पण बेतानं. सकाळी मी एकटी असताना दोन घोट, मावशी आल्यावर भांडंभर. मावशींना तरी ह्यांना उठवता कुठे यायचं! पण ह्यांना घेऊन पडले होते ती मी, मावशी नाहीत. मला ते समजत होतं, आणि लागतही होतं.

गेल्या महिन्यातली गोष्ट. शनिवार होता, सकाळचे सातही वाजले नव्हते. मी ह्यांना बाथरूममध्ये बसवून गॅसवरचं दूध बघायला गेले आणि आतून आवाज आला. धावले. हे आधारासाठी भिंतीला लावलेली मूठ धरून स्वतःच उठायला गेले होते. ओल्या फरशीवर पाय सरकला होता. तीच बादली, तीच जागा, तसेच पडलेले. डोकं लागलं नव्हतं, कुठे दुखतही नव्हतं, बोटं-पाय सगळं हलवून पाहिलं. समोरच्या फ्लॅटमध्ये कोणीतरी उठलेलं होतं, मिक्सरचा आवाज येत होता. ह्यांनी तो आवाज ऐकला आणि माझ्याकडे पाहिलं.

मी जाऊन घराच्या दाराला आतून कडी लावली. मोठ्यानं लावली, ह्यांना ऐकू जाईल अशी. येताना पट्टा आणला, आणि टॉवेल. आधी टॉवेल नीट गुंडाळला, मग पट्टा बांधला. आंघोळीचं स्टूल ओढलं. फरशी पुसून कोरडी केली. ह्यांचा उजवा पाय पोटाशी घेतला, हात स्टुलावर ठेवला आणि बसले. या वेळी नाही जमलं तर हे पुन्हा पाणी सोडतील, आणि मग मी कोणत्या तोंडानं 'प्या' म्हणणार होते?

"मोजा," मी म्हणाले.

"एक," हे म्हणाले.

नळ ठिबकत होता. मी तोंड मिटून घेतलं.

"दोन."

तीन आलं नाही. हे माझ्या तोंडाकडे बघत राहिले. "पडशील... तू," म्हणाले.

"नाही पडणार. सकाळी दोन अंडी खाल्लीयेत. मोजा तुम्ही. वाटेल तेवढा वेळ घ्या, मी बसलेय."

आणि मी खरंच बसले. मांड्या थरथरल्या, तरी 'आटपा' म्हणाले नाही. किती वेळ गेला कोण जाणे. मग ह्यांनी स्टुलावरचा हात घट्ट केला. मला तो जोर पट्ट्यातून कळला.

"तीन!"

मी पायांनी जमीन ढकलली. हे वर आले. जड होते, फार जड, पण मेलेल्या वजनासारखे नव्हते. अर्धा भार माझा होता आणि उरलेला ह्यांनी स्वतः उचलला होता. स्टुलावर टेकले. दोघंही धापा टाकत होतो. मी खुर्ची ओढली तर माझं बसणं पुरं व्हायच्या आत हे मोजायला लागले, "एक, दोन, तीन." घाई झाली होती ह्यांना! मी हसत हसत उचललं. खुर्चीवरून पलंगावर नेलं, कपडे घातले, केस विंचरले. समोरचा मिक्सर कधीच बंद झाला होता. कोणाला काही कळलं नाही.

दूध सगळं उतू गेलं होतं. गॅस बंद करून, ओटा पुसून परत आले तेव्हा हे उशीला टेकून बसले होते.

"पाणी," म्हणाले.

मी भांडं भरून दिलं. सकाळी दोन घोट घेणाऱ्या माणसानं ते एका दमात संपवलं. "अजून." पुन्हा भरलं, तेही संपलं. मग भांडं बाजूला सारून ह्यांनी उजव्या हातानं सरळ तांब्याच उचलला आणि तोंडाला लावला. पाणी हनुवटीवरून ओघळून नुकत्याच घातलेल्या बनियनवर सांडत होतं. मी पुसायला गेले नाही. शेवटच्या थेंबापर्यंत प्याले आणि रिकामा तांब्या माझ्यापुढे धरला.

"भरून ठेव," हे म्हणाले.